बांयचं पाणी आणि शाळेची लॅब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी केमिस्ट्री शिकवते. चवथीची, म्हणजे गणपतीची सुट्टी संपली की बारावीची मुलं प्रोजेक्टसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन लॅबच्या दारात उभी राहतात. कुणी घरच्या बांयचं, म्हणजे विहिरीचं पाणी आणतं, कुणी नळाचं, कुणी देवळाच्या तळीचं. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढलं.

टीचर, आमचं पाणी शुद्ध आहे की नाही, हे लॅबमध्ये कळेल ना?

नाही कळणार. पण पाण्यातल्या सहा-सात गोष्टी तुम्ही आकड्यात सांगू शकाल आणि तेही थोडं नाही.

केमिस्टच्या भाषेत शुद्ध पाणी म्हणजे कोपऱ्यातल्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर. ते पिऊन बघा, बेचव लागतं. पिण्याच्या पाण्यात क्षार, वायू, थोडं लोह असणारच. किती असलेलं चालतं ते भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये दिलं आहे. त्यात बऱ्याच घटकांपुढे दोन आकडे असतात. पहिला एरवी पाळायचा, दुसरा दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तेव्हा चालवून घ्यायचा. एकूण कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १०००, विरघळलेले एकूण घन पदार्थ म्हणजे टीडीएस ५०० आणि २००० (सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर). पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.५ ते ८.५ आणि नायट्रेट ४५, यांना दुसरा आकडा नाही, म्हणजे सवलतच नाही.

आपल्या लॅबमध्ये पीएच, कठीणपणा, अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद), क्लोराइड, लोह, उरलेलं क्लोरिन आणि मीटरवर टीडीएस एवढं नीट होतं. शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं यांच्यासाठी लागणारी यंत्रं आपल्याकडे नाहीत. नायट्रेटसाठी मुलं ब्राऊन रिंग, म्हणजे तपकिरी कडं येणारी चाचणी, करायला धावतात. सॉल्ट ॲनालिसिसला ती ठीक आहे, पण पिण्याच्या पाण्यात नायट्रेट इतकं विरळ असतं की रिंग दिसली नाही म्हणून ते नाहीच, असं म्हणता येत नाही.

नमुना कशात आणि कसा आणायचा?

एका वर्षी एकाने उर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या बाटलीत पाणी आणलं. घरी तीन वेळा विसळली म्हणाला. बूच काढलं आणि सगळ्या लॅबभर काजूचा वास सुटला. त्या पाण्याचं आम्ही काही केलं नाही, फक्त हसलो.

प्लास्टिकची एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. साबण लावू नका. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका. नळाचा नमुना असेल तर आधी दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या. बांयचा असेल तर कळशी थोडी खोल जाऊ द्या, वरचा पालापाचोळा नको. बाटलीवर तारीख, वेळ, वाडा आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, हे लिहा. पावसाचं लिहायला मुलं हमखास विसरतात, आणि गोव्यात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी झरझर खाली उतरतं, जुलैमधल्या बांयचं पाणी आणि एप्रिलमधल्या बांयचं पाणी वेगळं असतं.

पीएच आणि उरलेलं क्लोरिन शक्यतो जागेवरच मोजा. बाकीचं त्याच दिवशी.

कठीणपणाच्या टायट्रेशनला ब्युरेट जेमतेम दीड मिली उतरतं. आमचं काही चुकतंय का?

बहुधा नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त खोटी रीडिंगही इथेच लिहिली जातात.

टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून, रेघा आखलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए नावाचं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं द्रावण रंग बदलेपर्यंत थेंब थेंब सोडायचं. पुस्तकातल्या नमुना गणितात दहा-बारा मिली असतं. ती उदाहरणं बहुतेक चुनखडीच्या किंवा घाटावरच्या काळ्या दगडाच्या पाण्याची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जांभा. लाखो वर्षांच्या धुवाधार पावसाने त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम कधीच धुऊन नेलं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. त्यामुळे डोंगराकडच्या बांयचं पाणी मऊ असतं. साबणाला चटकन फेस येतो, डाळ शिजते, कुकरच्या तळाला पांढरा थर बसत नाही. पुण्याहून सुट्टीत आलेल्या तुमच्या मावशीला विचारा, ती आल्या आल्या हेच म्हणेल.

तेव्हा रीडिंग फुगवू नका, पद्धत बदला. ५० मिलीऐवजी १०० मिली नमुना घ्या. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १०० मिली नमुन्याला २.८ मिली लागलं तर कठीणपणा २८ मिलिग्रॅम प्रति लिटर. ब्युरेटच्या एका रेघेची, म्हणजे ०.१ मिलीची चूक झाली तर २.८ मध्ये ती साडेतीन टक्के पडते, १.४ मध्ये सात टक्के.

ईडीटीए बरोबर आहे का, याची शंका येणारच. तेव्हा तपासून घ्या. १ ग्रॅम कोरडं कॅल्शियम कार्बोनेट थोड्या विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, फेस थांबला की उकळून कार्बन डायऑक्साइड घालवा, आम्ल उदासीन करा आणि एक लिटर करा. याच्या १० मिलीला ईडीटीए १० मिली लागलं पाहिजे. मग हेच १० मिली तुमच्या बांयच्या नमुन्यात टाकून परत टायट्रेट करा. आधी २.८ आलं असेल तर आता १२.८ च्या आसपास यायला हवं. आलं, तर तुमचं दीड मिली खरं होतं.

एंड पॉइंट स्पष्ट येत नाही, ही तक्रारही रास्त आहे. ईबीटीचा, म्हणजे शेवट दाखवणाऱ्या दर्शकाचा, रंग दारूच्या लालीतून निळा व्हायला थोडं मॅग्नेशियम लागतं आणि आपल्या पाण्यात तेच कमी. म्हणून बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घातलेलं असतं. तुमच्या बाटलीत ते आहे का, ते लॅब असिस्टंट दादांना विचारा. ईबीटीचं जुनं द्रावण तर टाकूनच द्या, मिठात खलून केलेली कोरडी पूड वर्षभर टिकते. निळा रंग येतच नसेल, जांभळटच राहत असेल, तर नमुन्यात लोह जास्त असण्याची शक्यता आहे. लोह दर्शकाला धरून बसतं.

टीडीएस मीटर ४५ दाखवतं. म्हणजे आमचं पाणी एकदम उत्तम ना?

मीटर टीडीएस मोजतच नाही. ते पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. विरघळलेले क्षार असतील तर वीज जाते. जंतूंनी वीज जात नाही. एखाद्या मऊ पाण्याच्या बांयत शौचालयाचं थोडं पाणी झिरपलं तरी मीटर ४५ चं ६० दाखवेल, आणि ५०० च्या मर्यादेशी तुलना केली तर ते झकासच दिसेल.

इथे एक प्रयोग करायलाच हवा. दारोदार फिल्टर विकणारे विक्रेते एक यंत्र आणतात, त्याला दोन-दोन सळ्या असतात. एका ग्लासात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं. बटण दाबलं की तुमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ उसळतो, त्यांचा ग्लास स्वच्छच राहतो. माझ्या सासूबाईंनी हे बघितलं आणि दोन दिवस बांयचं पाणी प्यायल्या नाहीत.

आम्ही हे लॅबमध्ये केलं. ९ व्होल्टची बॅटरी, एक लोखंडी खिळा धन बाजूला, ॲल्युमिनियमची पट्टी ऋण बाजूला, ग्लासात डिस्टिल्ड वॉटर. काही झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. पाच मिनिटांत तोच गाळ आला. म्हणजे गाळ पाण्यातला नव्हताच, खिळ्यातलं लोखंड विरघळून त्याचं हायड्रॉक्साइड झालं होतं. पाण्यात क्षार असले की वीज जाते, वीज गेली की खिळा झिजतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, म्हणून तो ग्लास स्वच्छ. तुम्हीही करा, घरी आई-आजींना दाखवा. ज्या पाण्याचा टीडीएस मुळातच ५०-६० आहे त्याला आरओ लावणं, हा माझ्या मते पैशांचा आणि पाण्याचाही नास आहे. तिथे भीती जंतूंची असते, आणि तिला उकळणं पुरतं.

पीएच ५.८ आला. बांयत कुणी आम्ल टाकलं का?

कुणी टाकलेलं नाही. मातीत कुजणारा पाला आणि झाडांची मुळं कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पाण्यात विरघळतो. चुनखडीची जमीन असती तर तिथेच उदासीन झाला असता. जांभ्यात चुना नाही, त्यामुळे पाणी आंबटच वर येतं. मानकात ६.५ च्या खाली चालत नाही, तेव्हा अहवालात मर्यादेबाहेर असंच लिहा. पण घाबरून जाऊ नका, लिंबू सरबत याच्यापेक्षा कितीतरी आंबट असतं. खरा त्रास नळांना होतो. पितळी तोटीखाली बेसिनवर निळसर-हिरवा डाग दिसला तर ते विरघळलेलं तांबं.

एक गंमत बघा. तोच नमुना पेल्यात ओतून अर्धा तास जोरात ढवळा आणि परत मोजा. वायू उडून जातो, पीएच वर चढतो. म्हणूनच जागेवर मोजा म्हणते. आणि मीटर ४ व ७ च्या बफरवर लावल्याशिवाय मोजू नका. अशा पाण्यात क्षार कमी असल्याने काटा स्थिर व्हायला वेळ लागतो, दोन मिनिटं धीर धरा. पीएच पेपरवर ५.८ लिहिणाऱ्यांना मी विचारते, .८ कुठून आणलं?

क्लोराइडचं उत्तर दरवेळी जास्त येतं. का?

वरच्या प्रश्नामुळे. मोहरच्या पद्धतीत क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने मोजतात, पोटॅशियम क्रोमेट दर्शक असतो आणि तो साधारण ७ ते १० पीएचमध्येच नीट चालतो. आंबट पाण्यात क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, विटकरी रंग उशिरा येतो आणि सिल्व्हर नायट्रेट जास्त जातं. हे पुस्तकात एका ओळीत असतं, आपल्याकडे मात्र ती ओळ वाचायलाच हवी. नमुन्यात चिमूटभर क्लोराइडमुक्त कॅल्शियम कार्बोनेट टाका, ढवळा, मग टायट्रेट करा.

डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक घ्याच, म्हणजे नमुन्याऐवजी ते घेऊन तेच टायट्रेशन करा. ५० मिली नमुना, ०.०२ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट, नमुन्याला १.९ मिली, ब्लँकला ०.२ मिली. फरक १.७, त्याला १४.१८ ने गुणलं की २४ मिलिग्रॅम प्रति लिटर. ब्लँक सोडलं असतं तर २७ आलं असतं.

आकड्याचा अर्थ जागेवर ठरतो. मांडवी आणि जुवारीत भरतीचं पाणी खूप आत येतं, उन्हाळ्यात तर जास्तच. चोडण, दिवाडी किंवा खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या कडेला असलेल्या बांयत मे महिन्यात क्लोराइड चढलं तर ते समुद्राचं. पण सत्तरीत, समुद्रापासून दूर, शेजारच्या बांयत १५ आणि तुमच्या बांयत ९० आलं तर आजूबाजूला सेप्टिक टँक कुठे आहे ते बघा. आपण मीठ खातो, ते शरीरातून बाहेर पडतं आणि जमिनीतून जाताना गाळलं जात नाही. एकच नमुना आणण्यापेक्षा वाड्यावरच्या चार बांयचे नमुने आणा, ते यासाठी.

पाणी आणलं तेव्हा स्वच्छ होतं, दुपारपर्यंत पिवळसर झालं.

ते लोह. जमिनीखाली हवा नसते, तिथे ते फेरस रूपात, रंगहीन असतं. बाटलीत हवा लागली की फेरिक होतं आणि तळाला गंजासारखा साका बसतो. घरी कळतं चहावरून. असल्या पाण्याचा चहा काळपट होतो, कारण चहातलं टॅनिन लोहाशी जुळतं. पांढऱ्या कपड्यांवर पिवळी झाक येते.

लोक लगेच खाणीकडे बोट दाखवतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हाही बांयांत लोह होतंच, कारण जांभाच लोहाचा. पावसात लाल होणारा व्हाळ (ओढा) आणि बांयतलं विरघळलेलं लोह या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हाळात माती तरंगते, ती फिल्टर पेपरवर राहते. विरघळलेलं लोह पेपरमधून निघून जातं. आधी गाळा, मग दोन्ही भाग तपासा. खाणीचा प्रश्न मोठा आहे, पण तो सिद्ध करायला आधी हा फरक दाखवता आला पाहिजे.

तपासायला थायोसायनेट पुरतं. फेरिक अमोनियम सल्फेट ०.८६३ ग्रॅम थोड्या आम्लासह एक लिटरमध्ये घ्या, ते लोहाचं १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचं द्रावण. त्यातून ०.५, १, २ अशी विरळ द्रावणं करा. नमुन्यात आम्ल आणि दोन थेंब हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, म्हणजे सगळं लोह फेरिक होईल. सगळ्या टेस्ट ट्यूबमध्ये सारखं पोटॅशियम थायोसायनेट टाका आणि पांढऱ्या कागदावर उभ्या धरून वरून खाली बघा. लालीची तुलना डोळ्यांना जमते. मर्यादा १ मिलिग्रॅम, जुन्या पुस्तकांत ०.३ सापडेल, ती २०१५ च्या दुरुस्तीआधीची.

तुरटी फिरवली तर गढूळ पाणी निवळतं. मग आमच्या बीकरमध्ये का निवळलं नाही?

तुरटीचा कापूस, म्हणजे गाळ पकडणारे पुंजके, बनायला अल्कता लागते. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते. तुमच्या पाण्यात अल्कताच २० असेल तर चाळीसेक मिलिग्रॅम तुरटीनंतर ती संपते, पीएच कोसळतो आणि कापूस धरत नाही. चिमूटभर चुना टाकून बघा. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटीच्या जोडीला चुना असतो, तो याचसाठी. अल्कता आधी मोजा, मिथिल ऑरेंज आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने.

नळाला क्लोरिनचा वास येतो. ते वाईट का?

उलट, वास अजिबात येत नसेल तर मी विचारात पडेन. फोंडा-पणजीकडे ओपाचं, बार्देशात अस्नोड्याचं, सासष्टीत साळावलीचं पाणी मैलोन्मैल पाइपातून येतं. वाटेत जंतू शिरले तर मारायला शेवटच्या नळावरही निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन उरलेलं हवं. पोटॅशियम आयोडाइड, थोडं ॲसिटिक आम्ल, स्टार्चचं द्रावण टाका. निळं झालं तर क्लोरिन आहे. टाकीतून काल भरून ठेवलेलं पाणी आणून क्लोरिन नाही म्हणू नका, तोवर ते उडून गेलेलं असतं.

मग जंतूंचं काय?

हा खरा प्रश्न, आणि ब्युरेटला तो दिसत नाही. चिऱ्याला भोकं असतात, अंगणात एका बाजूला बांय आणि दुसऱ्या बाजूला सेप्टिक टँक. पहिल्या मोठ्या पावसात पाण्याची पातळी वर चढते आणि दोन्ही एकमेकांना भेटतात.

मानक सांगतं, १०० मिलीत ई. कोलाय एकही नको. आपल्या लॅबमध्ये ते मोजायची सोय नाही, पण हायड्रोजन सल्फाइडची बाटली चालते. १९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी काढलेली ही सोपी युक्ती आहे. निर्जंतुक बाटलीत खाद्य लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी दोन दिवस ठेवायचं. काळी झाली तर संशय घ्यायचा. काळी झाली नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. बाटली उघडून वास बघायचा नाही, थेट ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायची.

पक्की तपासणी सरकारी पाणी प्रयोगशाळेत होते. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. गोवा २०२२ मध्ये देशातलं पहिलं हर घर जल प्रमाणित राज्य झालं, पण नळ आला म्हणून बांय बुजली नाही, चवथीला गणपतीच्या माटोळीखालचं पाणी अजून तिथूनच येतं.

उकळायचं असेल तर पाण्याला चांगल्या उकळ्या फुटून मिनिटभर तरी राहू द्या. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, पाणी आटलं की वाढतंच.

टाकाऊ द्रावणं सिंकमध्ये ओतली तर?

ओतू नका. क्रोमेट विषारी आहे आणि सिंक शेवटी कुणाच्या तरी बांयकडेच जातं. क्रोमेट आणि चांदीची बाटली दादांच्या टेबलाखाली आहे. बोटांवर काळे डाग पडले तर ते सिल्व्हर नायट्रेटचे, आठवड्याने जातात. पिपेट तोंडाने ओढणाऱ्याला मी बाहेर काढते.

माझं आणि पार्टनरचं रीडिंग जुळत नाही. सरासरी लिहू?

आधी तिसरं घ्या. तीन रीडिंग ०.१ मध्ये असतील तर सरासरी. एक वेगळंच असेल तर तेही जर्नलमध्ये लिहा आणि का सोडलं ते लिहा. खोडरबर वापरलेलं जर्नल मला लांबून कळतं.

आजी विचारते, पाणी प्यायचं की नाही. काय सांगू?

"चांगलं आहे" किंवा "वाईट आहे" सांगू नका. गेल्या वर्षी एका मुलीने शेजारच्या काकींना सांगितलं की तुमची बांय खराब, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. तिचं रीडिंग क्लोराइडचं होतं, ब्लँक घेतलेलं नव्हतं.

तुम्ही जे मोजलं तेच सांगा: अमुक तारखेला, पावसानंतर दुसऱ्या दिवशी, कठीणपणा २८, क्लोराइड २४, पीएच ५.८, हायड्रोजन सल्फाइडची बाटली काळी झाली. सरकारी प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत आजीने पाणी उकळून प्यावं. ती म्हणेल, साठ वर्षं हेच पाणी प्यायलेय. तिला विचारा, साठ वर्षांपूर्वी सेप्टिक टँक कुठे होती.